न्याय देवाचा, दार ख्रिस्तसभेचे

ज्युबिलीचा उत्सव म्हणजे केवळ वर्षांची मोजदाद नव्हे. लेवीयाच्या पुस्तकातील पंचविसाव्या अध्यायात देवाने इस्राएल लोकांस पन्नासावे वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा केली. दारिद्र्यामुळे ज्याने आपले वतन गमावले त्यास ते परत मिळावे, आणि ज्याने स्वतःस विकले त्याने मोकळे होऊन आपल्या कुळात परत जावे, हा त्या आज्ञेचा गाभा होय. ज्युबिलीचे रणशिंग वाजे ते परत येणाऱ्यांसाठी. म्हणून धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या दिवशी जे देवळात हजर आहेत त्यांचीच शिरगणती करून भागत नाही. जे हजर असावयाचे ते कोठे आहेत, हाही प्रश्न विचारावा लागतो. हा प्रश्न नवा नाही. तिसऱ्या शतकात ख्रिस्तसभेपुढे तो अशा निकराने उभा राहिला की, त्याच्या उत्तरावर तिचे पुढील स्वरूप अवलंबून होते. त्या प्रसंगाचा इतिहास या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे. मनुष्याचे पाप, देवाचा न्याय आणि ख्रिस्ताने मिळविलेले तारण या तीन सत्यांचा परस्परांशी संबंध काय, हे त्या इतिहासावरून चांगले उमगते.

इसवी सन २४९ मध्ये डेसियस रोमच्या सिंहासनावर बसला. साम्राज्याच्या सरहद्दीवर शत्रूंचा जोर वाढला होता व आत बंडाळी माजली होती. जुन्या देवांचा कोप शमविल्यावाचून राज्य सावरणार नाही, अशी त्याची समजूत. त्याने हुकूम काढला की, साम्राज्यातील रहिवाशांनी देवांस बळी द्यावा, द्राक्षारस ओतावा, नैवेद्य चाखावा, आणि तसे केल्याचा लेखी दाखला नेमलेल्या पंचांकडून घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकून राहिले व विद्वानांच्या हाती आले. त्यांपैकी पहिला सन १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते सन २५० च्या जून-जुलै महिन्यांतील आहेत. त्यांतील मजकूर ठरावीक असे. अर्जदार म्हणे की, आपण देवांस नेहमीच बळी देत आलो व आताही हुकुमाप्रमाणे पंचांच्या समक्ष सर्व विधी केला, तरी तसे लिहून द्यावे. खाली पंचांची सही. त्यांतील एक दाखला तर मगररूपी देवाच्या एका पुजारिणीचा आहे! म्हणजे हा कागद सर्वांकडूनच मागितला जाई.

वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ख्रिस्तास नाकारले, असे शब्द त्या कागदात कोठेही नव्हते. सरकारी कामाचा तो एक साधा कागद होता. मोह बहुधा असाच येतो. आपले नाव सांगून, शिंगे दाखवीत तो येत नाही. व्यवहाराचा एक लहानसा उपचार म्हणून येतो, आणि एवढ्याने काय होते, असे आपल्या कानात सांगतो.

छळाचा पहिला घाव मेंढपाळांवर पडला. २० जानेवारी २५० रोजी पोप संत फेबियन रक्तसाक्षी झाले. त्यांच्यामागे वर्षाहून अधिक काळ पेत्राचे आसन रिकामे राहिले. कित्येक भाविकांनी तुरुंग, उपासमार व यातना सोसल्या. परंतु इतिहासकाराने खरे तेच सांगितले पाहिजे. त्या वर्षी धीराने उभे राहिलेल्यांपेक्षा पडलेल्यांची संख्या मोठी होती. मागील बरीच वर्षे शांततेची गेली होती. ख्रिस्ती लोक संख्येने वाढले होते, व्यापारउदिमात स्थिरावले होते, आणि पुष्कळांचा विश्वास वाडवडिलांकडून आलेल्या भांड्याकुंड्यांसारखा घरात नुसता पडून होता. आफ्रिकेतील कार्थेज शहरी काय घडले ते तेथील बिशप संत सिप्रियन यांनी पतितांविषयीच्या आपल्या ग्रंथात दुःखाने लिहून ठेविले आहे. बोलावणे येण्यापूर्वीच लोक टेकडीवरील देवळाकडे धावत गेले. संध्याकाळ झाली, उद्या या, असे अधिकारी म्हणत असता, आजच आटपून घ्या, अशी विनवणी करणारेही निघाले. आईबापांनी तान्ह्या लेकरांसही कडेवर घेऊन वेदीपाशी नेले.

पडलेले सर्व एकाच प्रकारचे नव्हते. काहींनी बळी दिला. काहींनी केवळ चिमूटभर धूप अग्नीत टाकला. काहींनी यांपैकी काहीच केले नाही. अधिकाऱ्याच्या हातावर पैसे ठेवून खोटा दाखला तेवढा मिळविला, आणि आपले हात वेदीस लागले नाहीत अशी मनाची समजूत घातली. पुढे सन २५१ च्या जून महिन्यात डेसियस गॉथ लोकांशी लढताना मारला गेला. पण त्याच्या मरणापूर्वीच वादळ ओसरू लागले होते, आणि ही सर्व माणसे ख्रिस्तसभेच्या दाराशी परत येऊन उभी राहिली होती. कोणी रडत होते, कोणी लाजेने मान खाली घालून होते, तर कोणी जणू काही घडलेच नाही अशा थाटात होते. त्यांचे काय करावयाचे?

संत सिप्रियन यांची स्थिती या वेळी मोठी बिकट होती. ते मूळचे नामांकित वक्तृत्वशिक्षक. सन २४६ च्या सुमारास त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आपली मालमत्ता विकून गोरगरिबांस वाटली, आणि दोन-तीन वर्षांतच ते कार्थेजचे बिशप झाले. छळाच्या काळात ते शहर सोडून अज्ञातवासात राहिले व तेथून पत्रांच्या द्वारे कळपाचा सांभाळ करीत राहिले. मेंढपाळच पळाला, असा टोमणा त्यांस ऐकावा लागला. रोमच्या धर्मगुरुवर्गाच्या पत्रातही तसा ध्वनी होता. अशा मनुष्याने पडलेल्यांविषयी निवाडा करावयाचा होता.

इतक्यात एक सोपी वाट निघाली. ज्यांनी यातना सोसूनही विश्वास सोडला नाही त्या तुरुंगातील साक्षींविषयी सर्वांस अपार आदर असे. पतित त्यांच्याकडे जात, व ते पतितांस समेटाची चिठ्ठी देत. रोमचा सेलेरिनस नावाचा तरुण एकोणीस दिवस बेड्यांत राहून सुटला होता. त्याच्या दोन बहिणी मात्र डळमळल्या होत्या. सन २५० च्या पास्काच्या आनंदात सारी मंडळी असता तो गोणपाट नेसून रात्रंदिवस रडत होता. त्याने कार्थेजच्या तुरुंगातील ल्युशियन नावाच्या मित्रास पत्र लिहून बहिणींसाठी क्षमा मागितली. त्या बहिणी स्वस्थ बसल्या नव्हत्या. कार्थेजहून आलेल्या पासष्ट साक्षींस त्यांनी बंदरावर जाऊन उतरवून घेतले, शहरात आणले व त्यांची सेवाशुश्रूषा चालविली होती. बोलण्यापूर्वी त्यांनी हातांनीच पश्चात्ताप प्रकट केला, असे म्हटले पाहिजे.

ल्युशियनाचे हृदय मोठे. परंतु त्याने मर्यादा ओलांडली. मरण पावलेल्या एका रक्तसाक्षीच्या नावाने त्याने सरसकट सर्वांस समेट जाहीर केला. इतरही साक्षींकडून चिठ्ठ्या निघाल्या. अमक्यास त्याच्या मंडळींसह स्वीकारावे, एवढेच काही चिठ्ठ्यांवर लिहिलेले असे. त्या मंडळींत वीसतीस माणसेही निघू शकतील; त्यांच्यापैकी कोण पश्चात्तापी, कोण नाही, हे कोणी पाहावे? असा सवाल सिप्रियन यांनी केला. कार्थेजचे काही पुरोहित आणि फेलिसिसिमस नावाचा उपपुरोहित यांनी या चिठ्ठ्यांच्या आधारे पतितांस प्रायश्चित्ताशिवाय पवित्र कोमुन्यांव देण्याचा पक्ष उभारला. ज्या पापाची सुरुवात एका खोट्या कागदाने झाली होती ते दुसऱ्या एका कागदाने झाकण्याचा हा उद्योग होता.

याच्या अगदी उलट दिशेने रोममध्ये दुसरा पक्ष उठला. सन २५१ च्या मार्चमध्ये संत कॉर्नेलियस यांची पोपपदी निवड झाली. त्या वेळच्या रोमच्या ख्रिस्तसभेचा विस्तार त्यांच्याच एका पत्रावरून कळतो. तीत सेहेचाळीस पुरोहित, सात उपपुरोहित आणि सभेच्या अन्नावर जगणाऱ्या पंधराशेहून अधिक विधवा व गरजू होते. नोव्हेशियन नावाच्या विद्वान पुरोहितास ही निवड मानवली नाही. त्याने तीन बिशपांकडून स्वतःस अभिषेक करविला व तो प्रतिस्पर्धी होऊन बसला. ज्यांनी मूर्तींस बळी दिला त्यांस ख्रिस्तसभेने पुन्हा कधीही जवळ करू नये, असे त्याचे म्हणणे. त्यांनी जन्मभर प्रायश्चित्त करावे, रडावे. परंतु क्षमा करणे वा न करणे हे देव न्यायाच्या दिवशी पाहील, ख्रिस्तसभेस तो अधिकार नाही. ऐकावयास हे बोलणे देवभीरूपणाचे वाटते. शुद्ध, निष्कलंक, एकही डाग नसलेली मंडळी कोणास नको? म्हणून पुष्कळ चांगली माणसेही त्याच्या मागे गेली.

सन २५१ मध्ये पास्काच्या सणानंतर सिप्रियन कार्थेजला परतले आणि त्यांनी आफ्रिकेतील बिशपांची धर्मपरिषद भरविली. तिने दोन्ही वाटा नाकारल्या. सर्वांस एकाच मापाने मोजू नये, प्रत्येकाची हकीकत वेगळी तपासावी, असे ठरले. ज्यांनी केवळ दाखला घेतला होता त्यांस चौकशी करून स्वीकारावे. ज्यांनी बळी दिला त्यांनी दीर्घकाळ प्रायश्चित्त करावे. परंतु ते मरणाच्या दारी असतील तर त्यांस समेटावाचून जाऊ देऊ नये. त्याच वर्षी रोम येथे साठ बिशपांच्या परिषदेने याच मताचा पुरस्कार केला व नोव्हेशियन यास बहिष्कृत केले.

या निर्णयाच्या मुळाशी जो विचार होता तो आमच्या मते या सर्व इतिहासाचा प्राण होय. सिप्रियन यांनी अँटोनियानस नावाच्या एका बिशपास लिहिलेल्या दीर्घ पत्रात तो मांडिला आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: आम्ही पश्चात्तापी मनुष्यास समेट देतो तेव्हा प्रभूच्या न्यायावर कुरघोडी करीत नाही. पापी मनुष्याचा पश्चात्ताप पुरा व खरा असेल तर आम्ही येथे जे ठरविले ते प्रभू तेथे कायम करील. कोणी खोट्या अश्रूंनी आम्हांस फसविले असेल तर हृदय पाहणारा देव फसत नाही. आमचा निकाल तो दुरुस्त करील.

हे नीट समजून घेतले पाहिजे. फेलिसिसिमस आणि नोव्हेशियन हे परस्परांचे वैरी वाटतात. पण दोघांची चूक एकच होती. शेवटच्या दिवसाची वाट पाहण्याची दोघांचीही तयारी नव्हती. एकाने न्यायाच्या दिवसाआधीच सर्वांस निर्दोष ठरविले; दुसऱ्याने न्यायाच्या दिवसाआधीच गहू आणि निदण वेगळे करावयास घेतले. एकाच्या लेखी पाप हे पापच उरले नाही. दुसऱ्याच्या लेखी तारण हे न पडलेल्यांपुरतेच उरले. ख्रिस्तसभेने मात्र देवाच्या न्यायावर खरोखर विश्वास ठेवला, आणि म्हणूनच ती दयाळू होऊ शकली. अखेरचा निवाडा देवाच्या हाती आहे, तर तो आपल्या हाती घेण्याचे ओझे आपल्यावर नाही. आपल्यावर ओझे आहे ते दाराचे. दार उघडे ठेवावे, आणि आत येणाऱ्याने उंबऱ्यावर आपले पाप कबूल करून यावे, एवढेच प्रभूने आपल्याकडे सोपविले आहे.

अलेक्झांड्रियाचे बिशप संत डायोनिसियस यांनी त्या काळची एक हकीकत अंत्युखियाच्या बिशपास कळविली होती. इतिहासकार युसेबियस याने ती जतन केली आहे. सेरापियोन नावाचा एक वृद्ध जन्मभर निर्दोष राहिलेला, पण छळात त्याने बळी दिला. मग तो वारंवार क्षमा मागे. कोणी लक्ष देईना. तो आजारी पडला, तीन दिवस त्याची वाचा बंद होती. चौथ्या दिवशी थोडी शुद्ध येताच त्याने नातवास म्हटले की, मला किती वेळ अडकवून ठेवणार, एखाद्या पुरोहितास बोलाव. रात्रीची वेळ होती व पुरोहित स्वतः आजारी, येण्यास असमर्थ. परंतु मरणाच्या दारी असलेल्यांस नाकारू नये अशी बिशपांची आज्ञा होती. पुरोहिताने पवित्र साक्रामेंताचा लहानसा तुकडा त्या मुलापाशी दिला व तो ओला करून म्हाताऱ्याच्या मुखात घालावयास सांगितले. मुलगा घरी पोहोचला, त्याने तसे केले, आणि वृद्धाने तो घोट गिळून प्राण सोडला. तो तोपर्यंत जगला तो याचसाठी, असे डायोनिसियस यांस वाटले. मोठमोठ्या वादांचा निकाल परिषदांत लागतो खरा. पण त्याचा अर्थ अशा एखाद्या रात्री, एका पोराच्या हातून प्रकट होतो.

पुढे लवकरच, सन २५२-२५३ च्या सुमारास, नव्या छळाची चिन्हे दिसू लागली. तेव्हा बेचाळीस बिशपांनी एकत्र येऊन प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांस समेट देण्याचे ठरविले. ज्यांस आपण ख्रिस्तासाठी रक्त सांडावयास सांगणार त्यांस ख्रिस्ताच्या रक्ताचा पेला कसा नाकारावा, असे त्यांनी कारण दिले. त्याच काळात कार्थेजमध्ये महामारी पसरली. सिप्रियन यांनी आजाऱ्यांच्या सेवेस लोकांस लाविले, व ती सेवा छळणाऱ्यांच्याही वाट्यास आली. सन २५३ मध्ये कॉर्नेलियस हद्दपारीत मरण पावले. १४ सप्टेंबर २५८ रोजी, व्हॅलेरियन बादशहाच्या अमदानीत, सिप्रियन यांचा शिरच्छेद झाला. मरणापूर्वी त्यांनी मारेकऱ्यास पंचवीस सोन्याची नाणी देण्यास आपल्या माणसांस सांगितले. पळपुटा म्हणून ज्यांस हिणविले होते ते अशा रीतीने उभे राहिले. आज ख्रिस्तसभा कॉर्नेलियस व सिप्रियन यांचा सण १६ सप्टेंबर रोजी एकत्र पाळते, आणि मिस्साच्या पहिल्या युखरिस्त प्रार्थनेत त्यांची नावे शेजारी शेजारी घेतली जातात.

नोव्हेशियनाचा पंथ मात्र कित्येक शतके टिकला. सन ३२५ च्या नायसियाच्या धर्मपरिषदेने आठव्या नियमात त्या पंथाच्या पुरोहितांस परत येण्याची वाट मोकळी ठेवली, आणि तेराव्या नियमात मरणोन्मुख मनुष्यास शेवटची शिदोरी नाकारू नये असे बजाविले. त्या प्रसंगाची एक आख्यायिका इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो. नोव्हेशियन पंथाच्या एका बिशपाने आपले कडक मत सांगितले, तेव्हा बादशहा कॉन्स्टंटाइन त्यास म्हणाला की, मग तुम्ही शिडी लावून एकटेच स्वर्गास चढा!

त्या काळी जाहीर प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच करता येत असे. पुढे सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासीयांनी खाजगी व वारंवार पापनिवेदनाची चाल पसरविली. सन १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा ते करण्याचा नियम घातला. आणि सन १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने या साक्रामेंताची शिकवण सविस्तर मांडिली. रूप बदलत गेले. पण आपण ज्यास कुमसार म्हणतो त्या साध्या विधीत आजही तीच दोन सत्ये हातात हात घालून बसली आहेत: पाप हे खरे पाप आहे, म्हणून ते तोंडाने सांगावे लागते, आणि तारण हे खरे तारण आहे, म्हणून सांगणाऱ्यास परत पाठविले जात नाही.

प्रिय धर्मग्रामवासीयांनो, कार्थेज व रोम येथील ते दोन पक्ष अद्यापि निवर्तलेले नाहीत. त्यांचे आवाज आपल्या देवळाच्या पायऱ्यांवरही ऐकू येतात. एक म्हणतो, देव दयाळू आहे, कुमसाराची गरज काय, सर्व काही चालते. दुसरा म्हणतो, अमक्याने असे केले, तमकीचे लग्न तसे झाले, त्यांस ज्युबिलीस कशास बोलावता? पहिल्यास आम्ही सेलेरिनसाच्या बहिणींची आठवण देतो. क्षमा मागणाऱ्यांचे हात रिकामे नसतात. दुसऱ्यास सेरापियोनाची आठवण देतो. आपण दार लावून घेतलेले असता एखादा म्हातारा अंधारात प्राण कंठाशी धरून वाट पाहत असेल. आणि दोघांसही सांगतो की, ज्याच्या हाती प्रभूने किल्ल्या दिल्या तो पेत्र कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा नाकारून बसला होता. ख्रिस्तसभेचा पाया न पडलेल्या मनुष्यावर घातलेला नाही. पडून, रडून, उठलेल्या मनुष्यावर घातलेला आहे.

म्हणून या ज्युबिलीच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबास आमची एकच विनंती आहे. रोषणाई होईल, मिरवणूक निघेल, पंगतीही उठतील. त्या सर्वांच्या आधी आपल्या घरातील, शेजारातील ज्या एका मनुष्याने देवळाकडे पाठ फिरविली आहे त्याच्याकडे जावे. त्याचा न्याय करू नये, त्याचे पाप लहान आहे असेही सांगू नये. दार उघडे आहे, एवढेच सांगावे, आणि जमल्यास त्याच्याबरोबर चालत यावे. मग स्वतःही कुमसाराच्या रांगेत उभे राहावे. कारण शेवटच्या दिवशी आपण सर्व एकाच न्यायाधीशापुढे उभे राहणार आहो, आणि त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत.

त्या दयाळू न्यायाधीशाची कृपा या धर्मग्रामावर, हजर असलेल्यांवर व परत येणाऱ्यांवर, सदैव राहो.